हलके आणि भारी : गेमिंग लॅपटॉप आणि मराठी समीक्षेचे मौन

१

मराठीत पुस्तकाविषयी लिहिताना ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ आणि ‘मराठी साहित्यात मोलाची भर’ एवढ्या सामग्रीवर परीक्षण उरकता येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे; त्याविषयीची हळहळही चर्चासत्रांतून पुरेशी व्यक्त झालेली आहे. परंतु याच रोगाची दुसरी शाखा डोळ्यांदेखत फोफावत असताना तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. मराठी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर लॅपटॉपविषयी जो मजकूर येतो, तो एकदा ओळीने वाचून पाहावा. ‘दमदार फीचर्स’, ‘जबरदस्त परफॉर्मन्स’, ‘धमाकेदार एंट्री’, आणि शेवटी किंमत. लिहिणाऱ्याने ते यंत्र कधी मांडीवर घेतले होते काय, तासाभराने ते किती तापले, त्याचा पंखा शेजारच्याची झोप मोडतो काय, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. बहुतेक वेळा ते कंपनीच्या इंग्रजी प्रसिद्धिपत्रकाचे भाषांतर असते, आणि भाषांतर म्हणूनही ते वाईट असते.

हलक्या, सहज नेता येणाऱ्या गेमिंग लॅपटॉपचे मूल्यमापन हा विषय आम्ही येथे मुद्दाम घेतला आहे. याचे पहिले कारण असे की, ही वस्तू एका अंतर्विरोधावर उभी आहे. खेळातील चित्रे क्षणाक्षणाला रेखाटण्यासाठी जी शक्ती लागते ती उष्णता निर्माण करते. उष्णता बाहेर घालवण्यासाठी तांबे, पंखे आणि मोकळी जागा लागते. या साऱ्याला वजन असते. आणि ग्राहकाला तर वजन नको असते. अशा वस्तूचे मूल्यमापन करणे म्हणजे कोणत्या गुणासाठी कोणता गुण सोडला, आणि तो सोडणे योग्य होते काय, याचा निवाडा करणे होय. समीक्षेचे काम याहून निराळे असते असे आम्हांस वाटत नाही.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. असा लॅपटॉप लाखाच्या आगेमागे सुरू होतो आणि दीड-दोन लाखांपर्यंत सहज जातो. पुण्यात तो घेणारा बहुधा अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा ॲनिमेशन शिकायला आलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा वा मुलगी असते. पैसे देणारे आईवडील लातूर, परभणी, सोलापूर किंवा अकोल्याकडे असतात. मुलगा इंग्रजी परीक्षणे वाचतो आणि हिंदी चित्रफिती पाहतो. वडील मराठी वाचतात. मग दूरध्वनीवर मुलगा म्हणतो, ‘पप्पा, भारी आहे’. आणि वडील म्हणतात, ‘खेळायला एवढे पैसे?’ या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, ती भरण्याचे काम मराठी भाषेचे होते. ते तिने केलेले नाही, आणि हा दोष मराठी शिकवणाऱ्यांकडे येतो, असे आमचे म्हणणे आहे.

२

यावरचा पूर्वपक्ष आम्हांस पाठ आहे, कारण तो अध्यापक-कक्षात रोज ऐकू येतो. तो त्रिविध आहे. एक : समीक्षा कलाकृतीची असते, उपयोगाच्या वस्तूची परीक्षा दुकानदाराने करावी. दोन : पुस्तक टिकते, लॅपटॉप चार वर्षांत भंगारात जातो, क्षणजीवी वस्तूवर बुद्धी खर्च का करावी? तीन : इंग्रजीत हे सारे उपलब्ध आहे, मग मराठीचा अट्टाहास कशासाठी?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ग्रंथ आपण साहित्याच्या इतिहासात शिकवतो, तो त्यात आलेल्या जुन्या मराठी पदपंक्तींपुरता. पण तो ग्रंथ आहे कशाविषयी? रत्ने, हत्ती, घोडे, अन्न, वस्त्रे, विनोद आणि क्रीडा यांविषयी. यांतले चांगले कोणते आणि ते ओळखावे कसे याविषयी. म्हणजे ज्या ग्रंथातून आपण मराठीच्या जन्मखुणा शोधतो, त्यात वस्तूंची पारख आणि खेळांचे वर्णन शेजारी शेजारी नांदते. आपण त्यातून मराठीच्या ओळी तेवढ्या उचलल्या आणि उरलेला ग्रंथ संस्कृतच्या विभागाकडे ढकलून दिला.

राजदरबार नको असेल तर बैलबाजारात जाऊ. बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा अशी त्याच्या वयाची इयत्ता सांगणारी मराठी ही मूल्यमापनाचीच भाषा आहे. तो चालवून पाहतात, खांदा पाहतात, खूर पाहतात, गाडीला जुंपून पाहतात. घेणारा निरक्षर असला तरी त्याच्यापाशी नेमके शब्द असतात, आणि त्या शब्दांच्या बळावर तो विकणाऱ्याला नकार देऊ शकतो. लॅपटॉपच्या दुकानात त्याचा पदवीधर नातू मात्र ‘भारी आहे’ यापलीकडे मराठीत काही बोलू शकत नाही. ही अधोगती आपल्या डोळ्यांसमोर झालेली आहे.

आणि यंत्राचा विटाळ मराठी साहित्याला होता असे तरी कोठे आहे? लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशा समजुतीशी झगडत ज्या किर्लोस्करांनी नांगर विकले, त्यांच्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या त्या वार्तापत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी कथेच्या व वैचारिक लेखनाच्या इतिहासात त्याने आपली जागा घेतली. यंत्राविषयीचे लिहिणे आणि वाङ्मय एकाच छापखान्यातून, एकाच संपादकाच्या हाताखालून बाहेर पडू शकत होते. त्यांची फारकत आपण नंतर केली.

रा. भा. पाटणकरांनी १९७४ साली ‘सौंदर्यमीमांसा’मध्ये सौंदर्याची संकल्पना लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये उभी आहे असे दाखवले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपल्या वर्गांतून मात्र एकाच ध्रुवाची पूजा चालू राहिली. लौकिकाचे नाव काढले की ‘उपयोजित’ असे बिरुद लावून ते दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत टाकायचे, आणि तेथे काय शिकवायचे? जाहिरातलेखन! विद्यार्थ्याला वस्तूची जाहिरात लिहायला शिकवणारे आपण, जाहिरातीतील विधान तपासायला शिकवत नाही. एखाद्या संस्थेने दोन्ही शिकवायचे नाकारले असते तर आम्ही समजू शकलो असतो. विक्रेत्याची बाजू शिकवायची आणि ग्राहकाची सोडून द्यायची, याला कोणते साहित्यमूल्य म्हणावे?

दुसऱ्या आक्षेपाविषयी एवढेच की, नाट्यप्रयोगही रात्रीत संपतो, आणि तरी नाट्यसमीक्षा लिहिली जाते. तिसऱ्याचे उत्तर वर आलेलेच आहे : इंग्रजीत सर्व आहे, पण पैसे देणारा ते वाचत नाही, आणि जो वाचतो त्याच्यासाठीही ते पुरेसे नाही. का, ते पुढे येईल.

३

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण ते आमचे क्षेत्र आहे.

मराठीत ‘हलके’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. हलक्या हाताने, हलक्या पावलांनी म्हणताना तो गुण असतो. हलके कापड, हलक्या प्रतीचे लाकूड, हलकी जमीन, हलक्या कानाचा माणूस म्हणताना तो दोष असतो. उलट ‘भारी’ म्हणजे वजनदार, म्हणजेच मौल्यवान. भारी साडी म्हणजे महाग साडी. आज पुण्यातील विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘भारी’ हे सर्वश्रेष्ठत्वाचे एकमेव विशेषण होऊन बसले आहे. आपल्या भाषेची ही जुनी समजूत, की जे जड ते चांगले, लॅपटॉपच्या बाजारात नेमकी उलटी होते. तेथे समान शक्तीच्या दोन यंत्रांपैकी जे हलके ते महाग असते. अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप ज्या किमतीत मिळतो, त्याच किमतीत दीड किलोचा मिळत नाही. मग लातूरच्या वडिलांना, ‘कमी मालाला जास्त पैसे का?’ असा प्रश्न पडला, तर तो अडाणीपणाचा नाही; त्यांच्या भाषेने त्यांना दिलेला तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच भाषेत मिळायला हवे.

उत्तर असे आहे : तुम्ही वजनासाठी पैसे देत नाही, वजन काढून टाकण्यासाठी देता. ते काढताना काय काय गेले, हे पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

दुसरा शब्द ‘सुवाह्य’. ‘हलके’ आणि ‘सुवाह्य’ हे पर्यायशब्द नव्हेत, पण जाहिरात त्यांना पर्याय म्हणून वापरते. यंत्र दीड किलोचे असेल. पण ते पूर्ण शक्तीने चालायचे तर त्यासोबत १८० वॉटच्या आसपासचा चार्जर न्यावा लागतो, आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या घरात जाते. पाठीवर पडते ते दोन किलो. शिवाय बॅटरीचा हिशेब आहे. ७३ वॉट-तासांची बॅटरी घेतली आणि चित्रे रेखाटणाऱ्या चिपने ९० वॉट मागितले, तर पडदा आणि मुख्य प्रोसेसर यांना काही न देताही ती ४९ मिनिटांत रिकामी होईल. म्हणून प्लग काढला की असे यंत्र आपली मागणी आपणच कमी करून घेते. यात कोणा एका कंपनीची लबाडी नाही. १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी विमानातून खास परवानगीशिवाय नेता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्या रेषेच्या आत राहतात. हा या वस्तुप्रकाराचाच धर्म आहे. तेव्हा ‘कोठेही नेता येणारा’ हे विधान खरे, ‘कोठेही खेळता येणारा’ हे विधान खोटे. ‘जेथे प्लग आहे तेथे नेऊन खेळता येणारा’ हे यथार्थ विधान होय. मराठीत हे एक वाक्य लिहायला कोणी मनाई केली होती?

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती तर थेट शब्दशक्तीच्या प्रकरणात बसावी अशी आहे. ‘आरटीएक्स ४०७०’ हे नाव घ्या. टेबलावरच्या संगणकात या नावाचे जे कार्ड बसते त्याची मर्यादा २०० वॉट आणि स्मृती १२ जीबी असते. लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या चिपची स्मृती ८ जीबी, आणि शक्ती ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत, लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवावी तेवढी. म्हणजे एकाच नावाची दोन यंत्रे दुकानात शेजारी असतील आणि एकात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक वीज खेळत असेल. जितके यंत्र पातळ, तितका हा आकडा साधारणतः खालचा. पूर्वी कमी शक्तीच्या चिपच्या नावाला ‘मॅक्स-क्यू’ असे उपपद लागे, ते वाचून जाणत्याला इशारा मिळे. २०२१ मधील पिढीपासून एनव्हिडिआने चिपच्या नावातून ते उपपद काढून टाकले.

अभिधा एकच, अर्थ अनेक, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे ठरवणारा संदर्भ झाकलेला. काव्यात याला श्लेष म्हणतात आणि त्याचा आनंद घेतात. व्यवहारात याने माणूस फसतो. बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो हे खरे. परंतु रुमालाखालची बोटे निदान घेणारा आणि विकणारा या दोघांनाही कळत असतात. येथे घेणाऱ्याचा हात रुमालाखाली जातच नाही. ‘यात ग्राफिक्सला किती वॉट दिले आहेत?’ हा प्रश्न दुकानात विचारावा, हे सांगणारे एक वाक्य या साऱ्या दमदार, धमाकेदार मजकुरात आमच्या पाहण्यात आलेले नाही.

४

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नाही तर आमचेही लेखन तत्त्वचर्चेत विरून जाईल.

असूसचा ‘झेफिरस जी-१४’ हा लॅपटॉप जानेवारी २०२० मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवला गेला. चौदा इंचांचा पडदा, सुमारे १.६ किलो वजन, आठ गाभ्यांचा एएमडी प्रोसेसर. तोवर गेमिंग लॅपटॉप म्हणजे दप्तर फाडणारा अडीच किलोंचा ऐवज, ही समजूत त्याने मोडली. त्याच्या श्रेयाचा भाग स्पष्ट आहे : शक्ती आणि वजन यांच्यातील तडजोड त्याने बरीच पुढे ढकलली, शिवाय रोजचे हलके काम करताना तो ६५ वॉटच्या साध्या टाइप-सी चार्जरवरही चालत असे. वर सांगितलेला अर्ध्या किलोचा चार्जर खोलीवर ठेवून बाहेर पडता यावे, ही या प्रकारातील मोठीच सोय म्हटली पाहिजे.

मात्र त्यात कॅमेरा नव्हता. खेळणाऱ्याला कॅमेऱ्याची गरज नाही, अशी त्यामागची कल्पना असावी. दोनच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी लागली आणि वर्ग, परीक्षा, मुलाखती सारे काही कॅमेऱ्यासमोर आले. महासाथ कोणाला आधी दिसली नाही, हे मान्य. परंतु गेमिंग लॅपटॉप घेणारा माणूस फक्त खेळतो, हे गृहीतक महासाथीच्या आधीही चुकीचेच होते. वस्तूच्या मागे एक कल्पिलेला ग्राहक उभा असतो, जसा कादंबरीमागे कल्पिलेला वाचक. आणि खरा ग्राहक त्याच्याशी कोठे जुळत नाही हे दाखवणे हे समीक्षकाचे काम. २०२२ च्या आवृत्तीत कॅमेरा आला.

२०२४ मध्ये या लॅपटॉपचे अंग नव्याने घडवले गेले. धातूची अखंड कोरलेली काया, अधिक देखणा ओलेड पडदा, वजन सुमारे दीड किलो. त्याविषयी लिहिताना सर्वांनी देखणेपणाची स्तुती केली, आणि ती योग्यच होती. परंतु जुन्या आवृत्तीत स्मृतीची एक पट्टी बदलता येत असे, ती सोय या पातळ देहात राहिली नाही. सारी स्मृती मुख्य फलकाला कायमची डाखलेली. याचा अर्थ असा की, पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाने चौथ्या वर्षी आपल्याला किती स्मृती लागेल हे खरेदीच्या दिवशीच ठरवायचे, आणि त्याचे जादा पैसे त्याच दिवशी मोजायचे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हा प्रश्नच नाही. ज्याच्या घरी सोयाबीनच्या पट्टीवर खरेदी ठरते त्याला ‘आत्ता कमी घेऊ, पुढे वाढवू’ हा एकमेव मार्ग असतो, आणि हलकेपणाच्या नावाखाली तोच बंद झाला.

तापकीर गल्लीतल्या आणि पुण्याच्या पेठांतल्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानांवर आपल्या मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची यंत्रे जगली. उघडता येणे, पट्टी बदलता येणे, पंखा साफ करता येणे, हा त्या जगण्याचा पाया होता. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ काढले, म्हणजे शासनालाही हा प्रश्न आहे हे कळले. १९७४ साली ज्या पुण्यातून बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या पुण्यातल्या मराठी लेखनाला तो कळलेला दिसत नाही.

५

इंग्रजी परीक्षणे पुरेशी नाहीत असे वर म्हटले, त्याचे कारण आता सांगतो. ती परीक्षणे मेहनतीने केलेली असतात, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. वजन ग्रॅममध्ये, आवाज डेसिबेलमध्ये, उष्णता अंशांत, चित्रांचा वेग सेकंदाला इतक्या चौकटी, असे सारे मोजून मांडलेले असते. आपल्या ग्रंथपरीक्षणांनी या प्रामाणिकपणापुढे मान खाली घालावी. तथापि ती मोजमापे कोठे झाली? बहुधा वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत, सपाट टेबलावर, अखंड वीजपुरवठ्यावर.

आता यंत्र पुण्यात आणा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अकोला-चंद्रपूरकडे तो पंचेचाळिशी गाठतो. पंखा यंत्राला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचे तापमान सोळा अंशांनी वाढले, तर आतले तापमानही जवळपास तितकेच वर सरकते. बावीस अंशांच्या खोलीत जी चिप पंच्याऐंशी अंशांवर सुखाने चालत होती, ती अडतीस अंशांच्या खोलीत शंभरी ओलांडू पाहते; तसे होऊ नये म्हणून यंत्र स्वतःचा वेग कमी करते. जाड यंत्रात यासाठी थोडी राखीव जागा असते. पातळ यंत्रात ती राखीव जागाच विकून वजन कमी केलेले असते. म्हणून हलक्या यंत्राच्या गुणांना आपल्या उन्हाळ्यात अधिक कात्री लागते, आणि तिकडच्या तक्त्यात ती दिसत नाही.

मुले जेथे राहतात त्या खोल्या पाहा. सदाशिव-नारायण पेठेत किंवा कोथरूड-कर्वेनगरात एका खोलीत तीन खाटा. टेबल असलेच तर एक, ते पाळीपाळीने. लॅपटॉप गादीवर ठेवला की बुडाची जाळी बुजते आणि पंखा कोंडतो. रात्री अकराला खेळ सुरू केला तर पन्नास डेसिबेलच्या आसपासचा त्याचा घोष शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याच्या कानात. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पाऊण तासाचा हिशेब सुरू. गावी जायचे तर एसटीत बॅग मांडीवर. या शेवटच्या ठिकाणी मात्र दीड किलो आणि अडीच किलो यांतला फरक खरोखर जाणवतो, आणि तेथे हलकेपणाचे पैसे वसूल होतात, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

आमचा निवाडा विचाराल तर तो असा : ज्याला रोज यंत्र पाठीवर घेऊन महाविद्यालयात जायचे आहे, तेथे त्यावर त्रिमितीय आराखडे करायचे आहेत आणि रात्री थोडे खेळायचे आहे, त्याने हलक्या यंत्राचे जादा पैसे मोजावेत, मात्र घेण्यापूर्वी वॉट विचारावेत, स्मृती वाढवता येते काय ते पाहावे, आणि यंत्र तासभर चालू ठेवून हात लावून पाहावे. ज्याचे यंत्र खोलीतून वर्षातून चारदा हलणार आहे, त्याने हलकेपणासाठी पैसे मोजणे म्हणजे घाटाच्या गाडीचा बैल परसात बांधून ठेवण्यासारखे आहे. त्याला जाड, उघडता येणारे, स्वस्त यंत्र अधिक काळ साथ देईल. यात गूढ काही नाही. एका इयत्तेच्या विद्यार्थ्याकडून एका तासात लिहून घेता येईल इतके हे सोपे मराठी आहे.

६

राहिला ‘खेळ’ हा शब्द. ‘खेळायला एवढे पैसे?’ या प्रश्नातला रोख किमतीपेक्षा खेळावर अधिक आहे, आणि तो रोख आपण अध्यापकांनीही जोपासला आहे. उत्पादकांना तो ठाऊक आहे. म्हणून तशाच चिपा दुसऱ्या देहात घालून ‘क्रिएटर’ या नावाने विकतात. आई-वडिलांना ‘क्रिएटर’ चालतो. कूळ तेच, फक्त नामकरण पालकांच्या सोयीचे.

ज्या भाषेत नाटकाचा प्रयोग हा ‘खेळ’ असतो, तमाशाचा आणि चित्रपटाचाही ‘खेळ’च असतो, तिला या शब्दाची लाज वाटण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-क्रीडा यांत फरक केलेला आहे. जुगार वेगळा, खेळ वेगळा, एवढे कायद्याला उमगले. आपल्याकडे अजून ‘मुले मोबाइलवर बसतात’ या एका वाक्यात सारे कोंबले जाते.

आणि खेळ म्हणजे केवळ परदेशी गोळीबार, असेही आता म्हणता येणार नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी दृश्ये, कळसूत्री छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुराणकथेचे आधुनिक रूपांतर हा आपल्या संशोधनाचा आवडता विषय. कादंबऱ्यांतील आणि नाटकांतील रूपांतरांवर प्रबंधांची चळत उभी आहे. आपल्याच शहरात घडलेल्या या रूपांतराची गंभीर मराठी चर्चा आमच्या पाहण्यात नाही. त्याला समीक्षक जगभरातून मिळाले. मिळाले नाहीत ते डेक्कनवरून.

येथे आमच्या मूळ विषयाला एक धडाही आहे. ‘राजी’ प्रथम आला तो निंटेंडो स्विचवर, म्हणजे जेमतेम चारशे ग्रॅमच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर. खेळाचे मोल यंत्राच्या वॉटवर ठरत नाही. दोन लाखांचे यंत्र घेण्यापूर्वी ‘मला खेळायचे आहे काय?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो अभिरुचीचा प्रश्न आहे. अभिरुची घडवणे हे तर आमचे जाहीर केलेले काम. मुलांच्या खेळांविषयी आम्ही तुच्छतेशिवाय काहीच बोलत नसल्यामुळे ती अभिरुची जाहिरात घडवते, आणि जाहिरातीचा कल नेहमीच अधिक वॉटकडे असतो.

७

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर सत्कार झाले, मराठी ज्ञानभाषा व्हावी असे ठराव झाले. ज्ञानभाषा होणे म्हणजे काय, याची आमची कसोटी साधी आहे. त्या भाषेत एखाद्या वस्तूला सकारण नकार देता येतो काय? बैलबाजारातल्या मराठीला तो देता येत होता. ‘हे यंत्र हलके आहे, पण माझ्या उन्हाळ्यात ते मंदावेल आणि चौथ्या वर्षी त्याची स्मृती वाढवता येणार नाही, म्हणून मी ते घेणार नाही’ हे वाक्य वडिलांना मुलाजवळ आणि मुलाला दुकानदाराजवळ मराठीत बोलता आले पाहिजे.

आमची मागणी म्हणून मोठी नाही. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जेथे जाहिरातलेखन आहे, तेथे त्याला जोडूनच वस्तुपरीक्षण यावे. विद्यार्थ्याने स्वतः वापरलेली एक वस्तू घ्यावी; लॅपटॉप घ्यावा, सायकल घ्यावी, शिवणयंत्र घ्यावे; तिच्याविषयी केलेला प्रत्येक दावा एकेक करून तपासावा, मोजता येईल ते मोजावे, ज्याला ती परवडत नाही त्याच्या बाजूनेही पाहावे आणि शेवटी स्पष्ट निवाडा द्यावा. ‘दमदार’ आणि ‘धमाकेदार’ हे शब्द आढळल्यास गुण कापावेत. हीच सवय पुढे पुस्तकांकडे वळली, तर ‘वाचनीय’ आणि ‘संग्राह्य’ यांनाही कात्री लागेल, हा आमचा अंतःस्थ हेतू आम्ही लपवून ठेवीत नाही.

आकड्यांचे भय बाळगू नये. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतून आलेल्या एपीआय गुणांनी आम्हा अध्यापकांनाही मोजून झालेले आहे. आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? ते ज्ञान पगाराच्या बिलापुरते न ठेवता विद्यार्थ्यांना द्यावे.

जूनमध्ये नवे प्रवेश होतील, आणि पुन्हा कित्येक घरांत तोच दूरध्वनी होईल. तोवर कोणत्याही मराठी विभागाने आपल्या विद्यार्थ्यांकडून अशी दहा परीक्षणे लिहून घेतली आणि ती भित्तिपत्रकावर लावली, तरी त्या घरांच्या उपयोगी पडणारे मराठी काही प्रमाणात तयार झालेले असेल.